पहिला डेक कोणता बांधू? (मॅजिक, पॉपर, बजेट ५०००)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

दिवाळीत बंगळूरला मावसभावाकडे गेलो होतो. त्याच्याकडे 'मॅजिक द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचे सात-आठ डेक (खेळायचे गठ्ठे) आहेत. पहिल्या रात्री नुसता बघत बसलो, दुसऱ्या रात्री खेळलो, आणि चौथ्या रात्री वहिनींनी दिवा घालवला तरी आमचं मोबाईलच्या उजेडात चालूच होतं. भाचा सोबत होता, नववीत आहे, तो माझ्यापेक्षा जास्त बिघडला. आता सांगलीत परत आलोय आणि दोघांच्याही हातात एक पत्ता नाही.

भावाने सांगितलंय की पॉपर खेळ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यात कधी ना कधी 'कॉमन' म्हणून छापलेलेच पत्ते चालतात, त्यामुळे खिसा फाटत नाही. डेक किमान ६० पत्त्यांचा, एका नावाचे जास्तीत जास्त ४ (साध्या जमिनी, म्हणजे जादूचं इंधन 'माना' देणारे पत्ते, हव्या तेवढ्या), दोघांनाही २० प्राण.

डोक्यात तीन आहेत. लाल बर्न, म्हणजे समोरच्याच्या तोंडावर आग फेकत सुटायचं. हिरवे एल्फ, म्हणजे पिटुकल्यांची फौज. आणि निळा, ज्यात समोरच्याची जादू हवेतच मारायची. भावाचा निळा बघून मी येडा झालो होतो. बजेट ५०००, स्लीव्हसकट (पत्त्यांवर चढवायची प्लास्टिकची आवरणं). पत्ते बाहेरून मागवावे लागणार, त्यामुळे चुकलं तर पुन्हा कुरिअरचा भुर्दंड. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिखटशेव
पहिला! एवढ्या पैशात बदाम सातचे किती कॅट येतील याचा हिशोब करतोय. बाकी चालू द्या.

सातवा_पत्ता
पॉपर कशाला हो? सरळ कमांडरचा (मॅजिकचाच दुसरा प्रकार) तयार डेक घ्या. १०० पत्ते खोक्यातच असतात, यादी करा, एकेक पत्ता शोधा ही भानगड नाही. स्लीव्ह चढवल्या की बसा खेळायला. प्रत्येक पत्ता एकच, ४० प्राण, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत कुणी मरत नाही. पुण्यात आम्ही चौघं दर रविवारी बसतो, पॉपरवाला एकही नाही. आज जगात जो तो कमांडरच खेळतोय.

निळीशाई
@सातवा_पत्ता, तुमच्या रविवारी चौघं असतात. यांच्याकडे एक मामा आणि एक भाचा आहे.

शिवाय १०० पत्ते, जवळपास सगळे वेगळे, आणि एकेकावर चार-चार ओळी मजकूर. नवखा माणूस खेळत नाही, वाचत बसतो. मी पहिल्यांदा कमांडर खेळले तेव्हा माझी पाळी येईस्तोवर चहा गार झाला होता, आणि पाळी आली तेव्हा आपण काय ठरवलं होतं तेच विसरले.

सातवा_पत्ता
दोघांतही खेळता येतो की.

निळीशाई
येतो. लंगडीही एकट्याने खेळता येते.

अर्धवट_अभियंता
बर्न. डोळे झाकून बर्न. का ते आकड्यात सांगतो.

समोरच्याचे प्राण २०. लाइटनिंग बोल्टला एक लाल माना लागतो आणि तो ३ कापतो. चेन लाइटनिंग ३, लाव्हा स्पाइक ३, रिफ्ट बोल्ट ३, स्क्यूअर द क्रिटिक्स ३. शेवटच्या दोघांना नीट वेळ साधली की एकाच मानात काम होतं. म्हणजे असले ७ पत्ते झाले की २१, खेळ खलास. ६० पत्त्यांत १८ पर्वत (लाल माना देणाऱ्या जमिनी) ठेवा. तुम्ही दुसरे खेळत असाल तर चौथ्या पाळीला ११ पत्ते हातात आलेले असतात, त्यात सरासरी तीन-सव्वातीन पर्वत, बाकी सगळी आग. माना मोजा: १ + २ + ३ + ३ = ९. सात बोल्टना सात पुरे. चौथ्या पाळीला समोरचा आडवा.

हे मनाशी मोजता यायला लागलं की अर्धा मॅजिक आला. पत्ता किती किमतीचा, पाळी किती किमतीची, समोरच्याचे प्राण म्हणजे माझे किती पत्ते, हे बर्नइतकं स्वच्छ दुसरा कुठलाच डेक शिकवत नाही. स्वस्तही आहे, आणि पॉपरमध्ये कायम कुठे ना कुठे जिवंत असतो.

एक इशारा. 'लाल' शोधलंत की कुल्डोथा रिबर्थवाल्या जुन्या याद्या दिसतील. त्या पत्त्यावर मार्च २०२५ मध्ये बंदी आली, ती अख्खी जात एका रात्रीत बसली. यादी कुठूनही उचला, पण पैसे भरण्याआधी प्रत्येक पत्ता पॉपरमध्ये चालतो का ते स्क्रायफॉल या पत्ते शोधायच्या साइटवर बघून घ्या.

तिखटशेव
म्हणजे सात पत्ते फेकले की जिंकलं. आमच्याकडे याला बदाम सातच म्हणतात.

निळीशाई
@कृष्णाकाठ, निळ्याबद्दल बोलते. मी निळाच खेळते, आयडीवरून कळलं असेलच. तरीही पहिला डेक निळा नको.

काउंटरस्पेल दोन निळ्या मानात कुठलीही जादू मारतो, हे बघायला भारी वाटतं. पण समोरच्याने काहीतरी टाकलं की तुम्हाला त्या क्षणी ठरवायचं असतं, ही मारू की पुढची? पुढची काय येणार हे ठाऊक असेल तरच याचं उत्तर देता येतं. तुमच्या भावाला बहुधा समोरच्याचा डेक पाठ असणार. तुम्ही चार रात्री खेळलायत. तुम्ही पहिल्या फडतूस एल्फवर काउंटरस्पेल जाळाल, मग खरा पत्ता येईल तेव्हा हात चोळत बसाल. मी वर्षभर हेच केलंय. निळा डेक दुसऱ्यांच्या पत्त्यांवर खेळला जातो, आधी ते पत्ते ओळखीचे होऊ द्या.

कर्जत_लोकल
काहीही घ्या, बूस्टरची (आत कुठले पत्ते ते आधी न कळणारी) पाकिटं फोडून डेक बांधायला जाऊ नका. मी तेच केलं. एका पाकिटात १४ पत्ते, फोडताना काय तो आनंद. पगाराचा चांगला लचका तोडून झाल्यावर माझ्याकडे पाच रंगांचे तीनेकशे पत्ते होते आणि डेक एकही नव्हता. एक चकचकीत ड्रॅगन निघाला, तो बायकोने फ्रिजवर लावलाय. डेक बांधायचा तर सुटे पत्ते, यादीनुसार, मोजून.

अवांतर: लहानपणी कुस्तीवाल्यांचे ट्रम्प कार्ड कुणी जमवले होते का? सगळं दप्तर भरलं होतं, पण जो हवा तो मित्राकडेच असायचा.

उगाच_एक
पैसे घालण्याआधी अरीना (मॅजिकचं ऑनलाइन रूप) डाउनलोड करा, फुकट आहे, मोबाईलवर चालतो. महिनाभर खेळा, मग ठरवा.

अर्धवट_अभियंता
अरीना चांगलंच आहे, पण तिथे नियम यंत्र पाळतं. टेबलावर आपण पाळायचे असतात. आमचा एक गडी अरीनावर भलताच वर चढला होता. प्रत्यक्षात खेळायला बसला तर वापरून आडवे केलेले स्वतःचे पत्ते दर पाळीला पुन्हा उभे करायचेच विसरायचा.

एडिसनकर
उशिरा येतोय, इथे आत्ता सकाळ झालीय.

कृष्णाकाठ, तुम्ही एका डेकबद्दल विचारताय. तो एक बांधलात तर भाचा काय करणार? समोर बसून टाळ्या वाजवणार?

मोठ्या गावात दुकान असतं, शुक्रवारी संध्याकाळी चार टाळकी जमतात, तिथे तुम्ही एक डेक घेऊन गेलात तरी समोर कुणीतरी असतो. सांगलीत तुम्हाला समोरचाही स्वतःच बांधावा लागणार. तेव्हा पहिला डेक म्हणजे जोडी. दोन स्वस्त डेक, एकमेकांसमोर ठेवले तर कधी हा जिंकेल कधी तो, असे.

मी नवा इथे आलो तेव्हा रूममेट आणि मी दोघांनी आपापल्या हौसेने जमतील तेवढे तगडे डेक बांधले. माझा त्याच्या डेकवर असा बसला की दहातले नऊ डाव मी जिंकायचो. मला वाटायचं मी फार हुशार आहे. दोन महिन्यांनी त्याने पत्ते विकून सायकल घेतली. माझ्याकडे जगातला भारी डेक होता आणि समोरची खुर्ची रिकामी. पुढे सहा महिने मी स्वतःशीच खेळलो, डाव्या हाताने विरुद्ध उजव्या.

तुमच्या यादीतलीच जोडी छान जमते, बर्न आणि एल्फ. बर्न वर अभियंत्यांनी सांगितलाच आहे. एल्फमध्ये लॅनोवार एल्व्ह्ज ४, फिन्डहॉर्न एल्व्ह्ज ४, एल्व्हिश मिस्टिक ४. तिघांचं काम तंतोतंत एकच, एका हिरव्या मानात येतो आणि पुढच्या पाळीपासून एक हिरवा माना देतो. नावं तीन आहेत म्हणून चाराची मर्यादा ओलांडून बारा घालता येतात. त्यावर प्रीस्ट ऑफ टिटेनिया, टेबलावर जेवढे एल्फ तेवढे माना. टिंबरवॉच एल्फ, जेवढे एल्फ तेवढी ताकद एकाच्या अंगात. आणि क्विरियन रेंजर, तिच्याबद्दल सांगत नाही, भाचा स्वतः शोधून काढेल. जंगलं (हिरवा माना देणाऱ्या जमिनी) १६.

आता दोन गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवा. एल्फमधून वेलविशर, कारण ती दर पाळीला एल्फ मोजून तेवढे प्राण परत देते, आणि चार वेलविशरसमोर बर्नवाला अक्षरशः रडतो. आणि बर्नमधून इलेक्ट्रिकरी. तीन माना भरून ती समोरच्याच्या प्रत्येक प्राण्याला १ मारते, म्हणजे भाच्याची निम्मीअधिक फौज एका पत्त्यात साफ. घरात असला पत्ता ठेवला तर भाचा दुसऱ्या दिवशी क्रिकेट खेळायला जाईल, आणि बरोबरच करेल.

आणि काहीही मागवण्याआधी छापा. घरच्या खेळाला कागदी पत्ते चालतात, अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत एवढंच. पत्ता ६३ × ८८ मिलिमीटर, एका ए-फोर कागदावर बरोबर ९ बसतात. जमिनी छापू नका, पेनाने लिहा. दोन्ही डेकच्या मिळून ३४ जमिनी वजा केल्या की ८६ उरतात, म्हणजे १० कागद. स्लीव्हमध्ये मागे जुन्या कॅटचं एकेक पान घाला, पिसायला कडक राहतं.

तिखटशेव
चला, माझा कॅट शेवटी उपयोगी पडला. १२० पानांना तीन लागतील हो, एकात ५२च असतात.

सातवा_पत्ता
एडिसनकरांचं पटलं, पण एक शंका. असे एकमेकांना सांभाळून कापलेले डेक उद्या बाहेर स्पर्धेत नेले तर मार खाणार नाहीत का? मग पैसे दोनदा.

एडिसनकर
दोनदा नाही. ६० पैकी पन्नासेक पत्ते खऱ्या डेकचेच आहेत. स्पर्धेत १५ पत्त्यांचा साइडबोर्ड (डावांच्या मधे बदलायचे राखीव पत्ते) असतो, तेव्हा वेलविशर, इलेक्ट्रिकरी वगैरे घ्या की. आज ज्या खेळात दोनच जण आहेत तिथे बाँब ठेवायचा नाही, एवढंच.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. काल छापले. आधी एक फजिती ऐका.

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे फाइल दिली. त्याने आपुलकीने 'पानात बसवून' छापून दिली, त्यामुळे प्रत्येक पत्ता बोटभर नाही पण नखभर बारका. स्लीव्हमध्ये कागद असा पोहत होता की लाइटनिंग बोल्ट उलटा केला की तळाशी जायचा. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मागे उभा राहून शंभर टक्के आकार म्हणून बजावलं. त्याने विचारलं, लग्नाच्या पत्रिकेचं काही आहे का.

मग रात्री नऊपासून बसलो. १४ डाव झाले. मी बर्न, भाचा एल्फ. मी ९, तो ५.

पहिल्याच डावात भांडण. त्याने लॅनोवार टाकला आणि लगेच आडवा करून माना घ्यायला लागला. मी म्हटलं, आल्या पाळीला नाही चालत. तो म्हणाला, "मामा, तो काय दमलाय का?" नियम काढून दाखवावा लागला.

सहाव्या डावात माझ्याकडे दोनच पर्वत, तिसरा येईचना. त्याचे प्राण १०. त्याच्या टेबलावर सात एल्फ, पुढच्या पाळीला मी मरणार हे दोघांनाही कळलेलं. तो आत जाऊन पाणी पिऊन आला. मी दोन्ही पर्वत आडवे केले, एका मानात बोल्ट, दुसऱ्यात लाव्हा स्पाइक, झाले ६. उरले ४. मग तेच दोन आडवे पर्वत उचलून कचऱ्यात टाकले आणि फायरब्लास्ट, माना न देता, ४. दोन पर्वतांत १०. त्याने पत्ता तीनदा वाचला आणि म्हणाला, हा तुम्ही स्वतः लिहून छापलाय.

एक शंका विचारायची राहिली. तो पहिल्या पाळीला एल्फ टाकतो तेव्हा बोल्ट एल्फवर मारू की तोंडावर? मी कायम तोंडावर मारतोय, कारण अभियंत्यांचे सात बोल्ट.

अर्धवट_अभियंता
पहिल्या पाळीचा एल्फ असेल तर मारा. तो एल्फ जगला तर पोराला दुसऱ्या पाळीला तीन माना मिळतात, म्हणजे तो तुमच्या एक पाळी पुढे. बोल्ट खर्च होतो, पण तुम्ही एक पाळी विकत घेता. पाचव्या पाळीचा एकटा लॅनोवार मात्र सोडून द्या, तेव्हा तो नुसता १/१ (ताकद १, जीव १) आहे. आणि लाव्हा स्पाइक एल्फवर मारताच येत नाही, फक्त खेळाडूवर, हे पक्कं लक्षात ठेवा. माझी सातची गणितं रिकाम्या टेबलावरची आहेत, समोर भाचा बसला की बदलतात.

निळीशाई
९-५ म्हणजे अजून बर्नकडे झुकतंय. एल्फमध्ये दोन वेलविशर घाला. चार घातल्या तर उलटं होईल. आणि रेंजरचं सापडलं का त्याला?

कृष्णाकाठ
सापडलं की! रविवारी दोन वेलविशर घालून आणखी १० डाव खेळलो, ५-५.

रेंजरचं सांगतो. एक जंगल हातात परत घ्यायचं, की एक प्राणी उभा राहतो, पाळीला एकदा. मला वाटलं, जंगल गमावायचं, हा कसला फायदा. तो एकदा बोट ओठावर ठेवून दोन मिनिटं गप्प बसला. मग जंगल आडवं करून माना घेतला, तेच जंगल हातात घेतलं, त्याने प्रीस्ट उभी केली, तिच्याकडून दुसऱ्यांदा सहा माना घेतले, आणि तेच जंगल पुन्हा जमिनीची पाळी म्हणून खाली टाकलं. गेलं काहीच नाही. मी नुसता बघत राहिलो. एडिसनकर, तुम्ही सांगितलं नाहीत ते बरं केलंत.

मागवून टाकले. दोन्ही डेक, दोन रंगांच्या स्लीव्ह, आणि साइडबोर्डसाठी दोन इलेक्ट्रिकरी (भाच्याला सांगितलेलं नाही). कुरिअर धरून बजेटच्या जरा वर गेलं, ताईला पाच सांगितलंय.

कर्जत_लोकल
स्लीव्हचा आकार बघून मागवल्या ना? युगिओचे पत्ते लहान असतात, ५९ × ८६. त्या मापाच्या स्लीव्ह मॅजिकला बसत नाहीत. हे मला कसं माहीत ते विचारू नका.

आणि फॉइल पत्ते टाळा. पावसाळ्यात पापडासारखे वळतात, पिसताना कुठला पत्ता फॉइल ते सगळ्यांना दिसतं.

कृष्णाकाठ
स्लीव्ह मोठ्याच आहेत, बघून घेतलंय. फॉइल एकही नाही.

आता नवा वाद. डेक कुणाच्या घरी राहणार? भाचा म्हणतो एल्फ माझ्याकडे. ताई म्हणते दहावी होईपर्यंत दोन्ही मामाकडे.

सातवा_पत्ता
ताईंचं ऐका. आणि दहावी झाली की कमांडर घ्या.

तिखटशेव
पुढच्या शनिवारी कामाला सांगलीत येतोय. एवढं वाचलं तर एक डाव खेळून बघेन म्हणतो. येताना जयसिंगपूरला उतरून भडंग आणतो. मला कुठला डेक देणार?

कृष्णाकाठ
या की. हिरवा तुम्हाला, लाल आता भाच्याने घेतलाय. भडंग आणा, पण खाऊन हात धुतल्याशिवाय पत्त्याला शिवायचं नाही. स्लीव्ह नव्या आहेत.